माळ्यावरच्या ट्रंकेचं बाकडं, साडीची बैठक आणि बरंच काही

दिवाळीच्या साफसफाईत माळा खाली उतरला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळं भंगारवाल्याला द्या. दुसरा म्हणतो, असू दे, कधीतरी उपयोगी पडेल. हा लेख दुसऱ्या पक्षासाठी आहे, पण पहिल्याचं एक म्हणणं मान्य करून: 'कधीतरी'साठी ठेवलेली वस्तू पुसून-झटकून पुन्हा माळ्यावरच जाते. तेव्हा वस्तू हातात घेऊन 'हिचं काय करू' असा विचार करत बसू नका. आधी टेप घेऊन घरात फिरा. चपला घालताना बसायला जागा नाही, पाहुण्यांची पांघरुणं कुठे ठेवायची कळत नाही, स्वयंपाकघरात कांदे-बटाटे जमिनीवर पडलेले असतात, अशा अडचणी कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर मोकळ्या जागेची लांबी, रुंदी, उंची लिहा. त्या मापात बसणारी वस्तू घरात असेल तर उत्तम, नसेल तर बाजारात शोधा. कागदावरच्या कुठल्याच अडचणीवर उपाय नसलेली वस्तू कितीही गोंडस असली तरी जाऊ द्या.

बाजार म्हणजे पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार, आणि खरं सांगायचं तर तुमच्या गल्लीतला भंगारवाला. तो वजनावर देतो, त्यामुळे बहुधा तोच स्वस्त पडतो. कुठेही घ्या, पण वस्तू उजेडात नेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पत्र्याची पेटी उघडून उलटी करून डोक्यावर धरा. तळाला बारीक उजेडाचे ठिपके दिसले तर गंज आरपार गेला आहे. दोन-चार ठिपके बुजवता येतात, चाळणी झालेली पेटी सोडून द्या. लाकडी वस्तू फरशीवर आपटा. बारीक पिवळसर भुसा पडला तर आत कीड जिवंत असण्याची दाट शक्यता. खाटेच्या किंवा वेताच्या खुर्चीच्या सांध्यांतून जाड कागदाची कड फिरवा. काळे ठिपके निघाले तर ढेकूण. कापूस किंवा फोम भरलेलं जुनं फर्निचर मी तरी फुकट मिळालं तरी घरात आणत नाही.

ट्रंकेचं बाकडं

जुन्या सामानातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे पत्र्याची ट्रंक. साठवण तिच्यात आधीपासून आहेच, फक्त वर बसायची सोय करायची. साधारण ३० इंच लांब, १८ इंच रुंद आणि १४ इंच उंच पेटी धरू. बसायला सोयीची उंची १७ ते १८ इंच. पेटीची १४, वरची १२ मिमी प्लायवूडची फळी, त्यावर २ इंचांची गादी आणि खाली दीड इंचाच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे हिशेब बरोबर १८ वर येतो. चाकं लावायचा मोह आवरा. बसताना बाकडं मागे सरकलं तर माणूस जमिनीवर. टीपॉय करायचा असेल तर चाकं लावा, पण ब्रेकची.

काम ऑक्टोबरच्या उन्हात काढा. पावसाळ्यात ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो आणि घासून उघडा केलेला पत्रा रात्रीत पुन्हा तांबूस होतो. कोकणात तर विचारूच नका.

आधी साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा आणि झाकण उघडं टाकून दोन दिवस कडक ऊन द्या. डांबरगोळ्यांचा वास तरीही राहिला तर आत कोळशाचे तुकडे ठेवून पेटी आठवडाभर बंद करा. बिजागऱ्या आणि कडीकोयंड्यात तेल सोडा. पोचे आले असतील तर बाहेरून लाकडाचा ठोकळा धरून आतून लाकडी हातोडीने हलकेच ठोका. लोखंडी हातोडी नको, तिने पत्रा ताणला जाऊन फुगवटे येतात.

मग गंज काढायचा, आणि इथे थोडं थांबू. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या आजीच्या ट्रंकेवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि पिवळा, लाल, हिरवा या रंगांत शिसं असण्याचा संभव अधिक. ती धूळ पोटात किंवा छातीत जाता कामा नये, लहान मुलांच्या तर नाहीच. म्हणून कोरडं घासू नका. वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून घासा, तोंडावर चांगला मास्क लावा, खाली जुनं प्लास्टिक अंथरा आणि निघालेला गाळ त्यातच गुंडाळून टाका. बाल्कनीच्या मोरीत सोडू नका. घरात गरोदर बाई किंवा रांगतं बाळ असेल तर हे काम घराबाहेरच करा.

सगळा रंग खरवडायची गरज नसते. घट्ट बसलेल्या रंगावर नवा रंग चांगला बसतो. पोपडे आणि गंज मात्र तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने पार काढा, मग १५० नंबरने कडा एकसारख्या करा. लगेच पुसून उन्हात वाळवा आणि टर्पेंटाइनच्या बोळ्याने तेलकटपणा काढा. बारीक भोकं एम-सीलसारख्या लुकणाने दोन्ही बाजूंनी बुजवा आणि कडक झाल्यावर घासा.

आता अस्तर. साध्या लोखंडी पत्र्याला रेड ऑक्साइड प्रायमरचा एक पातळ हात, आतूनसुद्धा. पण घासल्यावर खालून करडा, चकचकीत, स्फटिकांची नक्षी असलेला पत्रा निघाला तर तो जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा. जस्ताची आणि ऑइल पेंटमधल्या तेलाची रासायनिक कुरबुर होते आणि वर्षा-दोन वर्षांत रंगाचे पापुद्रे सुटतात. अशा पत्र्याला दुकानात 'एच प्रायमर' (इंग्रजी etch) मागा. बहुतेक जण हे टाळतात आणि मग रंगाच्या कंपनीला दोष देतात.

रंगाचे दोन हात, दोन्ही पातळ. ४ इंची फोमचा रोलर सपाट भागाला, १ इंची ब्रश कोपऱ्यांना. दोन हातांत २४ तासांचं अंतर ठेवा आणि मध्ये ३२० नंबरने अगदी हलकं घासून पुसा. एवढ्या पेटीला अर्धा लिटर रंग पुरून उरतो. हाताला चिकटेनासा झाला म्हणजे रंग कडक झाला असं नाही. निदान आठवडाभर आत कपडे ठेवू नका, नाहीतर साडीला रंगाचा वास लागेल तो लागेल, घडीही चिकटेल. डिझाइनबद्दल माझं मत विचाराल तर एकच सपाट रंग द्या आणि कडीकोयंडा पितळी ठेवा. वारली चितारायचा उत्साह असेल तर तो झाकणाच्या आतल्या बाजूला दाखवा.

गादीची फळी कशी बसवायची यावर बाकड्याचं आयुष्य अवलंबून आहे. झाकणाचा मधला पत्रा पातळ असतो, वजन पेलतात ते चार उभे काठ. म्हणून १२ मिमीची फळी झाकणाएवढीच कापा, म्हणजे भार काठांवर उतरेल. झाकण मधे फुगीर असेल तर फळीखाली चारही कडांना तेवढ्या जाडीच्या पट्ट्या मारा. फळी नटबोल्ट आणि मोठ्या वॉशरने झाकणाला आवळा, बोल्टची टोकं आत कापडांना फाडणार नाहीत अशी डोमनटने झाका. फक्त मागे बिजागरीच्या बाजूला फळी अर्धा इंच आखूड ठेवा, नाहीतर झाकण उघडणारच नाही. याच कारणाने बाकडं भिंतीपासून तीन इंच पुढे ओढून ठेवा. आतून दोन्ही बाजूंना साखळी लावा, म्हणजे जड झाकण मागे कोसळणार नाही. घरात लहान मुलं असतील तर आपोआप बंद होणारा कोयंडा आधी काढून टाका. मूल आत लपलं आणि कडी पडली तर आतून उघडत नाही.

आंब्याची पेटी आणि पॅलेट

देवगड-रत्नागिरीची लाकडी पेटी आता कमी दिसते, पुठ्ठ्याच्या खोक्यांनी तिची जागा घेतली, पण फळबाजारात मागितली तर मिळते. तिच्या फळ्या पातळ असतात. आडवी ठेवून पुस्तकं रचली की वर्षभरात झोळ पडतो. पेटी उभी ठेवा, म्हणजे भार जाड टोकाच्या फळ्यांवर येतो, आणि आत काचेच्या बरण्या, कुंड्या, मुलांची खेळणी असलं हलकं सामान ठेवा. आधी सगळे खिळे तपासा. वर आलेले पक्कडीने काढा किंवा आत ठोका. मग ८०, १२०, २२० अशा क्रमाने घासा. दोन-तीन पेट्या एकमेकींवर चढवायच्या असतील तर त्या नटबोल्टने जोडा आणि सगळ्यात वरची एल-पट्टीने भिंतीला धरून ठेवा.

एमआयडीसीच्या आसपासच्या भंगारात माल वाहून आणलेले लाकडी पॅलेट, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटी, मिळतात. त्यांच्यावर डाग दिल्यासारखा शिक्का असतो. त्यात इंग्रजी 'एचटी' अक्षरं असली तर लाकूड किडीसाठी तापवलेलं आहे (गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं). 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते नको. शिक्काच नसेल आणि तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर तेही नको.

लाकडाला जवसाचं तेल छान दिसतं, पण घाण्याचं नव्हे, रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड. साधं लवकर वाळत नाही. फडक्याने चोळा, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या. आणि ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर मोकळं पसरून वाळवा, मगच टाका.

साड्या

बोहारणीला देण्याआधी साड्यांचे तीन ढीग करा. सुती, रेशमी, आणि नायलॉन-जॉर्जेटच्या. सुती मऊ झालेली साडी म्हणजे सोनं. चार-पाच थर अंथरून धावदोरा घातला की गोधडी, सातारा-कोल्हापूरकडची वाकळ. पण एवढा वेळ नसेल तर बाकड्यासाठी बैठक शिवा: साडी चौपदरी करून गादीच्या मापाची खोळ, मागे चेन लावून, धुता येईल अशी. पायपुसण्यासाठी साडीच्या लांबीच्या दिशेने दोन-तीन इंची पट्ट्या फाडा, तिपेडी वेणी घाला आणि फरशीवर सपाट पसरून गोल गुंडाळत जाड सुईने शिवत जा. हातात धरून गुंडाळलं तर मधे वाटीसारखा खोलगट होतो, तो पुढे काही केल्या सपाट बसत नाही. जॉर्जेटचं पायपुसणं पाणीही टिपत नाही आणि फरशीवर घसरतंही. त्याच्या पट्ट्या टोपल्या विणायला वापरा.

रेशमी साडीचं कापड दोन अंगठ्यांनी ताणून बघा. चिरत असेल तर त्याची उशी टिकणार नाही, काठ-पदर तेवढे काढून जाड सुती कापडावर शिवा. काठात खऱ्या जरीची शंका असेल तर कात्री लावण्यापूर्वी जाणत्याला दाखवा. जुन्या खऱ्या जरीत चांदी असते.

तांब्या-पितळेची भांडी आणि तेलाचा डबा

तांब्याचा बंब, पितळी घागर, हंडा यांना दिव्यासाठी किंवा झाडासाठी भोक पाडू नका. भोक पडलं की भांड्याचं भंगार होतं, मोड मिळेल तेवढीच. झाड लावायचंच तर आत प्लास्टिकची कुंडी उतरवा, तळाला वाटी पालथी घालून. चिंच-मिठाने घासा, पण दर आठवड्याला लखलखीत करायचा अट्टहास नको. कोपऱ्यात उभ्या बंबावर काळसर झाक शोभते.

तेलाचा १५ किलोचा डबा कांदे-बटाट्यांसाठी चांगला. वरचं झाकण कापून काढल्यावर कडा पक्कडीने आत दुमडा, कानस मारा, आतला तेलकटपणा धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात रात्रभर भिजवून काढा. हवेसाठी बाजूंना भोकं पाडा. रंगाचा, थिनरचा, पेट्रोलचा डबा मात्र ग्राइंडरने कापायला जाऊ नका, आतल्या वाफा ठिणगीने पेटतात. बाटल्या जळत्या सुतळीने कापायचे व्हिडिओही नुसते बघायलाच बरे.

एवढं करून जे उरेल ते रद्दीच्या आणि लोखंडाच्या वेगळ्या ढिगात लावा आणि दिवाळीच्या आधीच भंगारवाल्याला बोलवा, ऐन सणाच्या गर्दीत तो येत नाही आणि आला तरी भाव पाडून मागतो.