सायनसचा त्रास लांबवणाऱ्या या चुका टाळा

गालांच्या हाडांत, भुवयांच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या पार मागे कवटीत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्या प्रत्येकाला असतात. त्रास सुरू होतो तो त्यांच्या अस्तराला सूज आल्यावर. हे अस्तर सतत स्राव तयार करतं आणि त्यावरचे अतिसूक्ष्म केस तो नाकाकडे ढकलत राहतात. गालातल्या सायनसचं तोंड तर तळाशी नसून वरच्या बाजूला आहे, त्यामुळे स्राव आपोआप वाहून जात नाही, सगळी भिस्त या केसांवर. सर्दीत ही अरुंद वाट सुजून बंद झाली की आत स्राव साचतो आणि चेहरा जड होतो, ठणकायला लागतो. म्हणून वाट मोकळी ठेवणं हा उपचाराचा मोठा भाग आहे. पण घाई मात्र अँटिबायोटिकचीच होते.

हिरवा शेंबूड दिसला की अँटिबायोटिक

ही सगळ्यात जास्त होणारी आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. पिवळा-हिरवा रंग येतो तो आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे). साध्या विषाणूजन्य सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवट होतो. रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ओळखता येत नाही. मोठ्या माणसांच्या शंभर सर्दींपैकी जेमतेम दोनांत जिवाणूंचा संसर्ग होतो. बाकीच्यांत अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो, उलट जुलाब, पुरळ आणि पुढच्या वेळी औषधाला दाद न देणारे जंतू एवढंच पदरी पडतं.

मग ओळखायचं कसं? दिवस मोजा. साधी सर्दी पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत शिगेला पोहोचते आणि मग हळूहळू उतरते. दहा दिवस उलटूनही काहीच उतार नसेल, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा ताप, दुखणं आणि शेंबूड वाढला असेल, किंवा सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस 102 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पुवासारखा शेंबूड आणि चेहऱ्यात जोराचं दुखणं असेल, तर जिवाणूंची शंका खरी मानायची. तेव्हाही डॉक्टरांनी तपासूनच औषध ठरवावं. साधारणपणे अमॉक्सिसिलिन किंवा त्याच्यासोबत क्लॅव्ह्युलॅनेट दिलं जातं, मोठ्यांना बहुधा पाच ते सात दिवस. गेल्या वेळच्या पट्टीत उरलेल्या गोळ्या घेणं, किंवा ‘तीन दिवसांत काम होतं’ म्हणून स्वतःच अझिथ्रोमायसिन सुरू करणं टाळा. सायनसमधले नेहमीचे जंतू त्याला अनेकदा दाद देत नाहीत.

नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची सवय

ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब टाकले की काही मिनिटांत नाक उघडतं, आणि हाच त्यांचा धोका आहे. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर असर ओसरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, नाक चोंदतं आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. महिनोन् महिने थेंबांशिवाय झोप न येणारी माणसं आहेत. त्यांचा मूळ आजार कधीच संपलेला असतो, उरलेला असतो तो थेंबांचाच. अशी सवय लागली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. बहुधा स्टेरॉइडचा स्प्रे सुरू करून थेंब बंद केले जातात. सुरुवातीचे काही दिवस जड जातात, नंतर नाक सुटतं.

स्प्रे आणि पाणी, दोन्ही चुकीच्या पद्धतीने

फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारखे स्टेरॉइड स्प्रे सूज उतरवतात, पण पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते बंद करू नका. फवारताना मान किंचित खाली, आणि टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता त्याच बाजूच्या कानाकडे. उजव्या हाताने डावी नाकपुडी आणि डाव्या हाताने उजवी घेतली की दिशा आपोआप बरोबर येते. फवारल्यावर जोरात ओढलं तर औषध सरळ घशात जातं. पडद्यावरच मारत राहिल्याने अनेकांना नाकातून रक्त येतं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं स्वस्त आणि गुणकारी आहे, पण थेट नळाचं पाणी कधीही वापरू नका. त्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असला तर नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळून कोमट होऊ द्या, किंवा डिस्टिल्ड वॉटर घ्या. पेलाभर पाण्याला अर्धा चमचा आयोडिन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. बाटली रोज धुऊन वाळवा.

वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, संसर्ग मात्र जात नाही. मुलांसमोर उकळत्या पाण्याचं भांडं अजिबात ठेवू नका; त्याने पोळण्याचे प्रकार वारंवार होतात. नाक शिंकरतानाही दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावू नका, एकेक करून हलकेच शिंकरा.

प्रत्येक डोकेदुखीला सायनस म्हणणं

वारंवार कपाळ ठणकतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही, पण नाक मोकळं असतं, तर ते बहुधा मायग्रेन असतं. अशी माणसं वर्षानुवर्षं सायनसची औषधं घेत राहतात. एकाच बाजूला दुखून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर वरच्या दाढा दाखवून घ्या. दाढेतला संसर्ग गालातल्या सायनसमध्ये शिरू शकतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून तसा स्राव आला, तर आत मणी किंवा खडू अडकलाय का ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन प्रतिमा दिसणं, मान आखडणं, असह्य डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह नियंत्रणात नसलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाचा गाल बधिर झाला, नाकात काळी खपली दिसली, तर तासाभराचाही उशीर नको. हा बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि तो वेगाने पसरतो.

बारा आठवड्यांनंतरही तीच औषधं

त्रास बारा आठवड्यांहून जास्त टिकला की तो जुनाट मानतात, आणि त्यात संसर्गापेक्षा सततच्या सुजेचा वाटा मोठा असतो. अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स करून ती जात नाही. ॲलर्जी, दमा, नाकातले कोंब (अस्तरावरच्या मऊ गाठी, पॉलिप), धूम्रपान यांचा शोध घ्यावा लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने आणि गरज पडली तर सीटी स्कॅनने तपासतात. साध्या एक्स-रेने फारसं कळत नाही. शस्त्रक्रिया करावी लागली तर पोकळ्यांची तोंडं रुंद केली जातात, पण सूज येण्याची प्रवृत्ती तशीच राहते. त्यामुळे त्यानंतरही धुणं आणि स्प्रे चालू ठेवावे लागतात, फक्त आता औषध आतपर्यंत पोहोचतं.