पावसाळ्यातही कोंबड्यांना धूलिस्नान मिळावे यासाठी

परसात मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्या उन्हाळ्यात आपली सोय आपणच करून घेतात. आंब्याच्या बुंध्याशी, कुंपणाच्या आडोशाला किंवा फुलझाडांच्या वाफ्यात खळगा उकरून त्या अंग टाकतात, पंखांनी भुरभुरीत माती पिसांच्या मुळापर्यंत उडवतात आणि शेवटी उठून सगळे अंग झाडतात. कोकणात मात्र जूनमध्ये पाऊस लागला की हे खळगे चिखलाने भरतात आणि सप्टेंबर सरेपर्यंत अंगणात कोरडी माती उरत नाही. त्याच दिवसांत कोंबड्या खुराड्यात दाटीने बसून राहतात व उवा एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर सहज जातात. म्हणून धूलिस्नानाच्या जागेचे खरे काम मे महिन्यातच उरकायला हवे.

कोंबडी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल चोचीने पिसांना लावत असते. हे तेल साचले की पिसे एकमेकांना चिकटू लागतात. बारीक माती जादा तेल शोषून घेते आणि अंगावरच्या उवाही झटकल्या जातात. साधारणपणे कोंबडी दिवसाआड, बहुधा दुपारच्या सुमारास, 20 ते 30 मिनिटे मातीत लोळते. ही ओढ इतकी उपजत आहे, की तारेच्या पिंजऱ्यात कोंडलेली कोंबडी मातीचा कणही नसताना उघड्या तारेवर लोळण्याच्या हालचाली करत राहते. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला मातीची पेटी ही चैन वाटणार नाही.

मे महिन्यात चाळलेली कोरडी माती गोणपाटांत भरून माळ्यावर किंवा पडवीत उंचावर ठेवावी. जांभ्याची तांबडी माती किंवा नदीकाठचा पोयटा यासाठी चांगला. काळी माती सुकली की तिची ढेकळे होतात, त्यामुळे ती घ्यायचीच झाल्यास कुटून, चाळून तिच्यात निम्मी बारीक वाळू मिसळावी. चुलीतील लाकडाची किंवा गोवऱ्यांची राख एकूण मिश्रणाच्या चौथाईपर्यंत घालता येते, पण ती पूर्ण थंड झालेली असावी आणि तीत जळलेल्या प्लास्टिकचा अंश नसावा. राख भिजली तर तिचा क्षार कातडीला झोंबतो, म्हणून ओल लागलेले मिश्रण तसेच राहू देऊ नये. कडुनिंबाचा वाळवून चुरलेला पालाही अनेक घरी घालतात. तो घालायला हरकत नाही, मात्र उवांसाठी केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये. कळीचा चुना मात्र या मातीत अजिबात नको, कारण तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा करतो.

चार-सहा कोंबड्यांसाठी तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि फूटभर खोल पेटी पुरते. ट्रकचा जुना टायर किंवा विटा रचून केलेला चौकोनही चालतो. त्यात सात-आठ इंच माती भरावी, म्हणजे उडालेली माती काठाबाहेर फारशी सांडत नाही. तळ जमिनीपासून वीतभर उंच असावा आणि वर पत्रा असा उतरता बांधावा, की वाऱ्याने तिरपी येणारी सरही आत पोचणार नाही. जागा शक्यतो कोंबड्यांनी उन्हाळ्यात स्वतः उकरलेल्या खळग्याजवळ निवडावी, कारण आपण आपल्या सोयीने ठेवलेल्या पेटीकडे कोंबडी अनेकदा ढुंकूनही पाहत नाही. खाद्य आणि पाणी पेटीपासून दूर ठेवावे. रात्री पेटीवर जाळी टाकावी, नाहीतर मांजरे तिथे घाण करतात.

अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीकडे विशेष लक्ष द्यावे. ती दिवसातून थोडाच वेळ उठते आणि तेवढ्यात तिला दाणा, पाणी व माती तिन्ही मिळावी लागतात. तिच्यासाठी मातीने भरलेले एक घमेले घरट्यापासून चार पावलांवर ठेवणे उत्तम.

दर आठवड्याला माती चाळून विष्ठा व पिसे काढावीत आणि दमट लागल्यास ती बदलावी. त्याच वेळी एक-दोन कोंबड्यांची शेपटीखालची पिसे उलटून पाहावीत. पिसांच्या मुळाशी पांढरट अंड्यांचे पुंजके दिसले तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. घरी अंडी खाल्ली जात असताना कीटकनाशकाची भुकटी मनाने मातीत मिसळू नये. गोचीड मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत लपून रात्री रक्त पितात, त्यामुळे त्यांच्यावर माती पुरी पडत नाही. त्यासाठी कोंबड्या बाहेर सोडून फटी लिंपून घ्याव्यात आणि आतून चुन्याचा हात देऊन तो पूर्ण वाळल्यावरच त्यांना आत घ्यावे.