खरेदी खात्यात शिकलेला स्थानिक विकास

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत लागलो तेव्हा मला सीएसआर, म्हणजे कंपनीची समाजोपयोगी कामं बघणारा विभाग हवा होता, मिळालं खरेदी खातं. सुरुवातीचे सहा महिने नुसती कुरकुर केली. मग कळलं की कारखान्याच्या आसपास पैसा फिरतो तो देणगीच्या धनादेशांनी नाही, पर्चेस ऑर्डरींनी.

या क्षेत्रात येणाऱ्यांना मी आधी एक आकडा सांगतो. गरिबीविरोधात काम करणारी ऑक्सफॅम ही संस्था आणि ग्राहकोपयोगी वस्तूंची बहुराष्ट्रीय कंपनी युनिलिव्हर यांनी मिळून युनिलिव्हरच्या इंडोनेशियातल्या व्यवसायाचा केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. कंपनीत थेट काम करणारे सुमारे ५ हजार. पण कच्चा माल देणाऱ्यांपासून शेवटच्या दुकानदारापर्यंत सगळी साखळी धरली, तर पूर्णवेळ कामाच्या हिशेबात रोजगार निघाला सुमारे ३ लाख, त्यातला निम्म्याहून अधिक वितरण आणि विक्रीच्या बाजूला. साखळीत असलं म्हणजे गरिबाचं राहणीमान आपोआप सुधारतं असं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. हे वाक्य मात्र कंपन्यांच्या सादरीकरणांत सहसा सापडत नाही!

का सुधारत नाही, ते मला माझ्याच चुकीतून समजलं. पॅकिंगची खोकी बनवणाऱ्या एका छोट्या खोकीवाल्याला मी मोठं काम दिलं. लहान उद्योगाला हात दिला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली. त्याने कर्ज काढून मशीन घेतलं, माणसं वाढवली, बाकीची गिऱ्हाइकं सोडली. वर्षभरात आमच्या पॅकचा आकार बदलला आणि ऑर्डर एकदम निम्म्यावर आली. करारात आमचं काहीच चुकलं नव्हतं. त्याचे हप्ते मात्र तेवढेच राहिले. आपल्यावर त्याचा किती धंदा अवलंबून आहे, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. आता कुठलाही नवा पुरवठादार घेताना पहिला प्रश्न तोच असतो. उत्तर निम्म्याच्या वर गेलं तर काम वाढवण्याआधी मी थांबतो.

दुसरी गोष्ट पेमेंटची. मोठी कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते तेव्हा छोटा पुरवठादार तिला बिनव्याजी कर्जच देत असतो, आणि तेही स्वतः व्याजाने काढून. युरोपीय संघाने २०१९ मध्ये शेती आणि अन्नमालासाठी नियम केला: नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत, बाकीच्याचे ६० दिवसांत. वरवर कोरडा वाटणारा हा नियम कितीतरी प्रशिक्षण शिबिरांपेक्षा जास्त उपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अकाउंट्सवाल्यांशी दोस्ती करा. बिल नेमकं कुठल्या टेबलावर अडतं ते त्यांनाच ठाऊक असतं.

‘स्थानिक खरेदी’च्या टक्केवारीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पत्ता जवळचा, माल लांबून आणलेला, मधला फक्त बिल फाडणारा, असं सर्रास असतं. एकदा स्वतः जाऊन बघा: मशीन चालतंय का, कामाला कोण आहे, रोजंदारी वेळेवर मिळते का. आणि माल नापास झाला तर नुसता रिजेक्शनचा मेल पाठवू नका. क्वालिटीचा माणूस दोन दिवस तिकडे बसवा. बहुतेक वेळा दोष मोजमापाच्या साधनात किंवा आपल्याच अर्धवट स्पेसिफिकेशनमध्ये निघतो.

शिक्षणाचं विचाराल तर पदवी कुठलीही चालेल, पण कॉस्टिंग, म्हणजे वस्तू बनवायला किती खर्च येतो त्याचा हिशेब, यायलाच हवं. समोरच्याचा खर्च मांडता येत नसेल तर आपण मागतोय तो भाव त्याला परवडतो की तो मजुरीत काटछाट करतोय, हे कळणार कसं?

तो खोकीवाला टिकला. जुनी गिऱ्हाइकं त्याने एकेक करून परत जोडली. आजही आम्हाला माल देतो, पण पुढच्या सहा महिन्यांचा फोरकास्ट, म्हणजे आमच्या मागणीचा अंदाज, लेखी हातात आल्याशिवाय एकही जादा माणूस घेत नाही.