खिशात टेप असू द्या: सातपूर-अंबडच्या शॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिक भागातल्या सातपूर, अंबड, सिन्नर किंवा गोंद्याच्या कारखान्यात सेफ्टी ट्रेनी म्हणून किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला नव्याने लागलात, की पहिल्या पंधरा दिवसांत एक काम हमखास गळ्यात पडतं: "लोकांना वजन कसं उचलायचं त्याचं ट्रेनिंग देऊन टाका." गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, हे पोस्टर तर भिंतीवर आधीच असतं. त्याच पोस्टरखाली एक हेल्पर कमरेत वाकून बिनमधून (माल ठेवायच्या मोठ्या पेटीतून) कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी नग, काढत असतो. त्याला पोस्टर वाचता येत नाही असं नाही. बिनची कड मांडीला आडवी येते, मग गुडघे वाकवणार कुठे? पाय पुढे सरकवायला जागा नसेल तर माणूस कमरेतूनच वाकणार. म्हणून ट्रेनिंगचा हॉल बुक करण्याआधी मोजायचा टेप घेऊन त्या बिनपाशी जा.

सामान फार लागत नाही. 5 मीटरचा टेप, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा आणि मोबाईलचा कॅमेरा. मात्र बऱ्याच कारखान्यांत शॉपमध्ये फोटो काढायला बंदी असते, तेव्हा परवानगी आधी लेखी घ्या. शूटिंग बाजूने करा, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा. समोरून घेतलेल्या शूटिंगमध्ये पाठ किती वाकते ते कळतच नाही. निदान दहा सायकल (नग उचलून ठेवण्याच्या फेऱ्या) घ्या आणि पहिल्या दोन-तीन सोडून द्या. साहेब बघतायत म्हटल्यावर माणूस नीट उभा राहतो. चौथ्या-पाचव्या सायकलला तो तुम्हाला विसरतो आणि खरं काम दिसायला लागतं.

आता त्या बिनचा हिशोब मांडू. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं 1991 मध्ये सुधारलेलं उचलण्याचं समीकरण यासाठी वापरतात. सुरुवात 23 किलोपासून होते आणि परिस्थिती जितकी वाईट तितकी त्याला कात्री लागत जाते. समजा, कास्टिंग 11 किलोचं आहे. बिनच्या तळाशी, लांबच्या कडेला पडलेलं आहे. घोट्यांच्या मध्यापासून हातांच्या पकडीपर्यंतचं आडवं अंतर 55 सेंमी, हात जमिनीपासून 20 सेंमीवर, आणि माल ठेवायचा 100 सेंमीवरच्या फिक्स्चरमध्ये (मशीनमधला नग पकडून ठेवणारा साचा). उचलताना अंग 45 अंश वळतं. मिनिटाला एक नग, पूर्ण पाळीभर.

आडव्या अंतराचा गुणक 25 भागिले 55, म्हणजे 0.45. उंचीचा 0.835. उचलून नेण्याची उंची 80 सेंमी, त्याचा 0.876. वळण्याचा 0.856. पकड जेमतेम, म्हणून 0.95. वारंवारतेचा 0.75. सगळे 23 ला गुणले की उरतात साधारण 4.7 किलो. नग 11 किलोचा. भागाकार 2.4 च्या आसपास येतो, त्याला लिफ्टिंग इंडेक्स म्हणतात. तो 1 च्या खाली हवा.

या गुणाकारात सगळ्यात मोठी कात्री कुणाची, ते नीट बघा. आडव्या अंतराची. एकट्या त्या 55 सेंमीने निम्म्याहून जास्त क्षमता खाल्ली. हे अंतर 63 सेंमीच्या पुढे गेलं की गुणक थेट शून्य होतो.

आता बिन सिझर लिफ्टवर (पेडलने वर-खाली होणाऱ्या टेबलावर) किंवा तिरक्या स्टँडवर घ्या आणि एक बाजू उघडणारी करून घ्या. हात 75 सेंमीवर आले, आडवं अंतर 35 झालं, स्टँड मशीनच्या दाराशेजारी आल्यामुळे वळणं गेलं. नग तोच, वेग तोच. शिफारस केलेलं वजन 12.3 किलोवर जातं आणि इंडेक्स 0.9 होतो.

इथे नवखा माणूस खूश होऊन कैझेन शीट (केलेल्या सुधारणेचा फॉर्म) भरतो. थांबा. हिशोब ठेवण्याच्या टोकालाही करायचा असतो, कारण फिक्स्चरमध्ये नग अलगद, पिनवर नेमका बसवावा लागतो. व्हीएमसीच्या (नग कापणाऱ्या संगणकी मशीनच्या) दारातून आत झुकून 60 सेंमी लांब हात नेला, तर त्या टोकाला 6.7 किलोच बसतात, इंडेक्स 1.65. बिनकडे सुधारलं, मशीनच्या पोटात तसंच राहिलं. उपाय मात्र फुकटचा आहे: प्रोग्रामच्या शेवटी टेबल वाय अक्षावर दाराकडे आणणारी एक ओळ टाकायची. प्रोग्रामरला दोन मिनिटांचं काम. अंतर 40 सेंमीवर आलं की इंडेक्स 1.1 पर्यंत उतरतो. अजून आदर्श नाही, पण आता उरलेल्यासाठी होइस्ट (वजन उचलायचं यंत्र) मागायला तुमच्याकडे आकडा आहे.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. एक, "23 किलोपर्यंत चालतं" असं कुणी म्हणालं तर त्याने समीकरणाची पहिली ओळच वाचली आहे. दुसरं, कायद्यातली वजनाची मर्यादा (1948 च्या कारखाने कायद्यात हा विषय कलम 34 खाली होता) ही ओलांडू नये अशी रेषा आहे. तितकं वजन पाळीभर दर मिनिटाला उचलणं सुरक्षित आहे, असा तिचा अर्थ नाही. आणि एका हाताने उचलणं, गुडघ्यावर बसून किंवा खुर्चीत बसून उचलणं, निसरडी फरशी, अशा ठिकाणी हे समीकरण लावूच नका.

ट्रॉलीची तक्रार आली तर ट्रॉली उलटी करून चाकं बघा. मशीन शॉपमध्ये पॉलियुरेथेनच्या चाकांत चिप्स रुततात, बेअरिंगला तारेसारखी बर (धातूचा कापलेला कीस) गुंडाळली जाते, आणि महिनाभरापूर्वी एका हाताने सरकणारी ट्रॉली आता खांदा लावून ढकलावी लागते. हुकचा काटा दांड्याला अडकवून ओढा. जागेवरून हलवतानाचा आकडा आणि चालू झाल्यावरचा आकडा वेगवेगळे लिहा. हलवतानाचं बळ नेहमी जास्त असतं आणि कंबर धरते ती त्याच क्षणी. चाक मोठ्या व्यासाचं घेतलं तर फरशीच्या सांध्यात अडकत नाही. दांडा साधारण 90 ते 110 सेंमीवर हवा, आणि माल ओढण्यापेक्षा ढकलावा. ओढताना हात मागे जातो, अंग पिळतं आणि ट्रॉली टाचेवर येते ती वेगळीच.

पाठीचं दुखणं दिसतं. मनगटाचं आणि खांद्याचं हळूहळू येतं, म्हणून निसटतं. पॅनल वायरिंगमध्ये माणूस दिवसभर लग क्रिंप करतो, म्हणजे वायरच्या टोकाला धातूची टोपी पकडीने दाबून बसवतो. हॅण्डल फार उघडं असेल तर बोटांच्या टोकांनी दाबावं लागतं, तिथे जोर सगळ्यात कमी असतो. दंडगोल हॅण्डलचा व्यास 30 ते 50 मिमी असावा आणि ते तळहाताच्या मध्यावर संपू नये, नाहीतर टोक नेमकं तळहाताच्या नाजूक भागात रुततं. मोठ्या साईजचे लग असतील तर बॅटरीवरचं क्रिंपिंग टूलच मागा. स्क्रू ड्रायव्हर निवडताना एक साधी गोष्ट लक्षात ठेवा: समोरच्या उभ्या पृष्ठभागावर स्क्रू मारायचा तर पिस्तुलासारखी मूठ, टेबलावर वरून खाली मारायचा तर सरळ दंड्याचा. उलटं केलं की मनगट वाकतं. स्टोअरला एकच मॉडेल स्वस्त पडतं म्हणून दोन्हीकडे तेच देतात, आणि सहा महिन्यांनी कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखायला लागतं.

टेबलाची उंची कोपरावरून ठरते. बारीक काम कोपराच्या 5 ते 10 सेंमी वर, हलकी असेंब्ली 10 ते 15 सेंमी खाली, जोर लावायचं काम त्याहूनही खाली, 15 ते 40 सेंमी. पण एका लाईनवर पाच फुटांची ताई आणि पावणेसहा फुटांचा दादा शेजारी उभे असतात. उंची बदलणारं टेबल मिळत नसेल तर उंच माणसाच्या मापाने टेबल करा आणि बुटक्याला फळीचा प्लॅटफॉर्म द्या. उलटं चालत नाही, कारण उंच माणसाला खाली खड्डा देता येत नाही. प्लॅटफॉर्म पूर्ण उभं राहण्याच्या जागेइतका रुंद हवा. एक पाय वर, एक खाली अशी अर्धवट फळी म्हणजे मुरगळलेल्या घोट्याला आमंत्रण. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्येही हेच. हंगामात कात्रीने मणी काढणाऱ्या बायका सगळ्या एकाच उंचीच्या टेबलाशी उभ्या असतात आणि संध्याकाळपर्यंत कुणाची मान आखडते, कुणाचा खांदा भरून येतो.

फौंड्रीच्या फेटलिंगमध्ये (ओतीव नगावरचा जादा धातू घासून काढायच्या विभागात) गेलात तर ग्राइंडर किती वेळ प्रत्यक्ष चालू असतो ते घड्याळ लावून मोजा. युरोपातल्या नियमांत हाताच्या कंपनासाठी आठ तासांच्या हिशोबाने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ही कृती सुरू करण्याची पातळी आणि 5 ही वरची मर्यादा आहे. 7 कंपन असलेला ग्राइंडर एका तासात पहिली पातळी गाठतो, चार तासांत दुसरी. कंपन दुप्पट झालं की वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. असमतोल किंवा झिजलेल्या चाकाने हेच घडतं. डिसेंबरात निफाडचा पारा उतरतो तेव्हा पहिल्या पाळीला गार हातांनी ग्राइंडर धरू देऊ नका, थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आधीच आवळलेला असतो. बोटांची टोकं पांढरी पडतात का, हे विचारा. जाड हातमोज्यावर भिस्त ठेवू नका, जाड मोज्यात उलट पकड घट्ट करावी लागते.

विचारण्याचंही एक तंत्र आहे. "काही दुखतं का?" असं विचारलं की कंत्राटी कामगार "नाही साहेब" म्हणतो. त्याला उद्याचं काम हवं असतं. 1987 ची नॉर्डिक प्रश्नावली शरीराचे नऊ भाग घेऊन गेल्या 12 महिन्यांचं आणि गेल्या 7 दिवसांचं दुखणं विचारते. ती वापरा, पण सोबत रोजच्या गोष्टी विचारा. घरी जाताना गाडीचा क्लच दाबताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते? पोळ्या लाटताना कोपर दुखतं? रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते, हात झटकावा लागतो? शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं तर मनगटातली नस दबल्याची शंका घ्या आणि डॉक्टरकडे पाठवा. कंबरेच्या दुखण्यासोबत पायात बधिरपणा, पाऊल उचलत नसणं किंवा लघवीवर ताबा नसणं असेल तर त्याच दिवशी, थांबू नका. विमा कार्ड असेल तर राज्य कामगार विमा रुग्णालयाची वाट त्याला दाखवून द्या. बऱ्याच नव्या पोरांना कार्ड आहे हेच माहीत नसतं.

अधूनमधून सुचवले जाणारे तीन उपाय. कंबरेचा पट्टा: निरोगी माणसाची पाठ त्याने वाचते असा पुरेसा पुरावा नाही, हे नायॉशने 1994 मध्येच सांगितलं. जॉब रोटेशन: स्क्रू मारणाऱ्याला क्रिंपिंगवर नेलं तर दंडाखालचा तोच स्नायू दोन्हीकडे राबतो, ते रोटेशन फक्त कागदावर. सकाळचा पाच मिनिटांचा व्यायाम: करा, छान आहे, पण 55 सेंमीचं अंतर त्याने 35 होत नाही.

रूला आणि रेबा ही मुद्रा मोजण्याची तंत्रं शिकून घ्या, एका दिवसात जमतात. रूलाचा स्कोअर 1 ते 7. 7 आला तर बदल लगेच हवा. चूक होते ती फ्रेम निवडताना. सगळ्यात वाईट क्षण आणि सगळ्यात जास्त वेळ टिकणारी मुद्रा, दोन्ही वेगवेगळे मोजा. पुढे याच वाटेने जायचं असेल तर डिप्लोमा किंवा पदवीनंतर औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा महाराष्ट्रात तंत्रशिक्षण मंडळाकडून होतो, आणि मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे.

सुधारणा बसवून झाली की फाईल बंद करू नका, तीन आठवड्यांनी न सांगता तिथे जा. सिझर लिफ्ट बहुतेकदा खाली बसलेली सापडते, वर डबे आणि पाण्याच्या बाटल्या. ऑपरेटरला आळशी ठरवण्याआधी पेडल बघा. ते मशीनच्या विरुद्ध बाजूला असतं, किंवा उचलायला वीस सेकंद लागतात आणि सायकल टाइम साठ सेकंदांचा असतो, किंवा हायड्रॉलिक तेल गळतं आणि मेंटेनन्सचं वर्क ऑर्डर कुणी काढलेलंच नसतं. पेडल डाव्या पायाशी आणून द्या आणि पुन्हा टेप लावा.