मेंटेनन्सला नवीन लागताय? लोटो नीट शिकून घ्या

बडोद्यात तरसालीच्या आयटीआयमधून किंवा डिप्लोमा करून आपली बरीच मराठी पोरं मकरपुरा जीआयडीसीत नाहीतर वाघोडियाला मेंटेनन्सला लागतात, मी पण मकरपुऱ्यातच इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे म्हणून लिहितोय. इंटरव्ह्यूत हल्ली लोटो, म्हणजे लॉकआउट टॅगआउट, हमखास विचारतात; दुरुस्तीआधी मशीनची एनर्जी तोडून तिथं आपलं कुलूप आणि टॅग लावायचा, म्हणजे कोणी चुकून चालू करणार नाही. अमेरिकेच्या ओशाचा (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) १९१०.१४७ हा नियम १९८९ चा, तो नुसता पाठ करून काही होत नाही, फ्लोअरवर काय करायचं ते कळलं पाहिजे.

पहिलं म्हणजे इमर्जन्सी स्टॉप दाबला की मशीन सेफ झालं असं अजिबात समजू नका. तो बहुतेक मशीनमध्ये फक्त कंट्रोल तोडतो, पॅनेलमध्ये पॉवर तशीच असते. आयसोलेटर, म्हणजे मशीनचा सप्लाय तोडणारा मेन स्विच, ऑफ करून कुलूप घातलं तरी आयसोलेटरची इनकमिंग बाजू जिवंतच असते, आणि कधीकधी कंट्रोल सप्लाय दुसऱ्याच पॅनेलवरून किंवा यूपीएसवरून आलेला असतो, म्हणून ड्रॉइंग बघितल्याशिवाय हात घालायचा नाही.

आता साठलेली एनर्जी, नवीन पोरं इथंच फसतात. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा (मोटरचा स्पीड कंट्रोल करणारं युनिट) आतला डीसी बस साधारण ५८५ व्होल्टपर्यंत जातो आणि सप्लाय काढल्यावरही कपॅसिटर काही मिनिटं चार्ज असतो, किती थांबायचं ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचं आणि मग डीसी रेंजवर मोजायचं. हायड्रॉलिक प्रेसचा पंप बंद असला तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (प्रेशर साठवणारी टाकी) प्रेशर राहतं, आणि वर थांबलेला रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा भाग, स्वतःच्या वजनानं खाली येऊ शकतो, त्याला सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय खाली हात नाही म्हणजे नाही. न्यूमॅटिकमध्ये हवा सोडली, गेज झिरो दिसलं, तरी चेक व्हॉल्व्हच्या (एकाच दिशेनं हवा सोडणारा) पुढं सिलिंडरमध्ये हवा अडकलेली असू शकते.

मीटरचं पण सांगतो. आधी चालू पॉइंटवर मीटर तपासा, मग आपल्या पॉइंटवर फेज-टू-फेज आणि फेज-टू-अर्थ, मग परत चालू पॉइंटवर, कारण मधेच मीटर गेला तर झिरो खोटा. निऑन टेस्टरवर कामच करू नका. मग आजूबाजूला कोणी नाही बघून स्टार्ट दाबून बघा, मशीन हललं नाही की स्विच परत ऑफवर.

कुलूप आपलं, चावी आपल्या खिशात. चार जण कामाला असतील तर हॅस्पवर (बरीच कुलपं लावता येणारी कडी) चार कुलपं, सुपरवायझरच्या एकाच कुलपावर सगळे नाही. शिफ्ट बदलताना पुढच्याचं कुलूप लागल्यावरच आपलं काढायचं. प्रॉडक्शनवाले येऊन म्हणणार, "अरे भाई, बे मिनिटनुं काम छे, चालशे." तिथं नवीन माणसाला सिनियरसमोर तोंड उघडायला जड जातं, मला माहितीये, पण शांतपणे एवढंच म्हणा, "साहेब, कुलूप लावून लगेच सुरू करतो." आणि जॉइन झाल्या दिवशीच स्टोअरमधून आपल्या नावाचं कुलूप आणि टॅग मागून घ्या.