शब्द सगळे येतात, उत्तर मात्र चुकतं: चिनी भाषिक मुलांच्या इंग्रजी उताऱ्यांत या चुका टाळा

मुलाला उताऱ्यातला कुठलाही शब्द विचारा, चिनी अर्थ धडाधडा सांगतो. तरी पाचपैकी तीन उत्तरं चुकलेली असतात. पालक म्हणतात शब्दसंग्रह कमी पडतोय, क्लासवाले शब्दांची आणखी एक यादी हातात ठेवतात, आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. हाँगकाँगमध्ये, सिंगापुरात किंवा ऑनलाइन चिनी भाषिक मुलांना शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनी एक गोष्ट आधी मान्य करावी. या मुलांचं अडतं ते वाक्यापाशी. कोणी काय केलं, ते खरंच घडलं का, आणि हे म्हणतंय कोण, एवढं धड कळलं तर अर्धे गुण परत येतात.

हिशोब बघा. चीनच्या मुख्य भूमीवरच्या गाओकाओचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेश परीक्षेचा, इंग्रजीचा पेपर दीडशे गुणांचा आणि दोन तासांचा. नव्या राष्ट्रीय पेपरात त्यातले 50 गुण वाचनाला आहेत: चार उताऱ्यांवर 15 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, आणि शिवाय सात वाक्यांतून पाच निवडून रिकाम्या जागा भरायच्या, त्याही अडीच गुणांच्या. म्हणजे चार चुका झाल्या की दहा गुण गेले. हाँगकाँगच्या डीएसईमध्ये, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेत, वाचनाचा पेपर दीड तासाचा असतो, आणि तिथे पर्यायांसोबत लेखी उत्तरंही द्यावी लागतात. परीक्षा वेगळ्या, मुलांच्या चुका बहुतेक त्याच.

शब्द जुळला की टिक

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलू. सरावासाठी रचलेला हा तीन ओळींचा तुकडा घ्या:

"द टाउन हॅड लाँग प्लॅन्ड टु रिप्लेस द फेरी विथ अ ब्रिज. हॅड द मनी कम थ्रू, द लास्ट बोट वुड हॅव सेल्ड इन 2010. टुडे द फेरी स्टिल क्रॉसेस द रिव्हर ट्वेंटी टाइम्स अ डे."

फेरीबद्दल कोणतं विधान बरोबर? (अ) द लास्ट बोट सेल्ड इन 2010. (ब) द टाउन गॉट द मनी फॉर अ ब्रिज. (क) इट हॅज नॉट बीन रिप्लेस्ड. (ड) इट रन्स लेस ऑफन दॅन इट डिड इन 2010.

घाईतली मुलं 'अ' वर टिक करतात, कारण लास्ट बोट, सेल्ड, 2010 हे सगळे शब्द एकाच ओळीत सापडतात. थोडी हुशार मुलं 'ब' वर जातात: 'हॅड' दिसला, 'कम' दिसला, म्हणजे पैसे आले होते. उत्तर 'क' आहे. तिसरी ओळ तेच सांगते, पण त्या ओळीत 'रिप्लेस' हा शब्दच नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. 'ड' चा आधार तर कुठेच नाही, तरी त्यात 2010 आहे म्हणून त्यालाही गिऱ्हाईक मिळतं.

इथे दोन अडचणी एकावर एक बसल्या आहेत. पहिली, दुसऱ्या वाक्यातला 'इफ' गाळून 'हॅड' पुढे आणलाय. ही रचना मुलांनी व्याकरणाच्या तासाला गिरवलेली असते, रिकाम्या जागाही बरोबर भरतात, पण उताऱ्यात ती अवचित समोर आली की ओळखत नाहीत. दुसरी अडचण खोलवरची. आपण "पैसे आले असते, तर शेवटची बोट 2010 मध्येच सुटली असती" म्हणतो, तेव्हा 'असते' आणि 'असती' ऐकताक्षणी कळतं की यातलं काहीच घडलेलं नाही. चिनी क्रियापदाचं रूप बदलत नाही. घडलं की नाही, हे संदर्भावरून आणि आजूबाजूच्या शब्दांवरून समजून घ्यायचं. त्यामुळे 'वुड हॅव सेल्ड' मधला 'वुड हॅव' मुलांच्या नजरेतून निसटतो आणि 'सेल्ड' तेवढा उरतो.

उपाय पेन्सिलीचा. वाक्याची सुरुवात 'हॅड', 'वेअर' किंवा 'शुड'ने झाली आणि शेवटी प्रश्नचिन्ह नसेल, तर वर बारीक अक्षरात 'इफ' लिहायचं. 'वुड हॅव', 'कुड हॅव', 'माइट हॅव' दिसलं की समासात विचारायचं: घडलं का? खूण किंवा फुली. एवढंच. 'मे हॅव' आणि 'मस्ट हॅव' मात्र या यादीत घालू नका. तिथे लेखक अंदाज करतोय, घटना घडलेली असू शकते. 'कुड हॅव' आणि 'माइट हॅव' हेही कधी नुसते अंदाज असतात, म्हणून तिथे संदर्भ बघूनच फुली.

आता शब्द जुळवण्याबद्दल. पेपर काढणारे चुकीच्या पर्यायात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे ठेवतात आणि बरोबर पर्याय वेगळ्या शब्दांत लिहितात, हे खरं. पण म्हणून "तेच शब्द दिसले की पर्याय बाद" असा उलटा नियम शिकवू नका. गाओकाओचा पहिला उतारा बहुधा जाहिरात, सहलीची माहिती किंवा वेळापत्रक अशा धाटणीचा असतो. तिथे शब्द आणि आकडे शोधणं हेच काम असतं. बाकी उताऱ्यांत टिक करण्याआधी ओळीचा क्रमांक लिहायला लावा आणि ती ओळ पर्याय न बघता सांगायला लावा. चिनीत सांगू दे, काही बिघडत नाही. तुम्हाला चिनी कळत नसेल तर सोप्या इंग्रजीत, सहा-सात शब्दांत. सांगता आलं नाही तर ते उत्तर म्हणजे मटका.

दोन ओळींच्या मधे चिनी अर्थांची रांग

काही मुलांचे उतारे बघवत नाहीत. प्रत्येक इंग्रजी शब्दावर बारीक चिनी अक्षरं आणि शेजारी फोनवर शब्दकोश उघडा. पालकांना हे कष्टाळूपणाचं लक्षण वाटतं. प्रत्यक्षात मूल इंग्रजी वाक्य वाचतच नसतं, वरचे चिनी शब्द आपल्या अंदाजाने जोडत असतं.

"द रिपोर्ट ऑन द स्कूल्स दॅट लॉस्ट देअर फंडिंग सर्प्राइज्ड मेनी पेरेंट्स." पालकांना धक्का कशाचा बसला? फंडिंग, असं उत्तर हमखास येतं, कारण 'सर्प्राइज्ड'च्या लगेच आधी तोच शब्द आहे. चिनीत वर्णन सगळं नामाच्या आधी येतं. "निधी गेलेल्या शाळांवरचा अहवाल" ही आपली रचना त्यांना अगदी घरची वाटेल. इंग्रजीत नाम आधी येऊन जातं आणि शेपूट मागून लांबत राहतं. शेपटाच्या टोकाला पोचेपर्यंत मूल मूळ नाम विसरलेलं असतं.

यावर क्रियापदं मोजायला शिकवा. काळ दाखवणारी क्रियापदं जितकी, त्याहून जोडशब्द एकाने कमी. वरच्या वाक्यात 'लॉस्ट' आणि 'सर्प्राइज्ड' अशी दोन क्रियापदं, म्हणून जोडशब्द एक, तो 'दॅट'. 'दॅट'च्या आधी चौकटी कंस उघडा, दुसऱ्या क्रियापदाच्या आधी बंद करा, कंसातलं झाका आणि उरलेलं वाचा: अहवालाने धक्का दिला. जोडशब्द एक कमी भरला, तर कुठेतरी 'दॅट' गाळलाय, जसं "द बुक आय बॉट वॉज एक्स्पेन्सिव्ह" मध्ये. 'टु' लावलेली आणि '-इंग'वाली रूपं मोजायची नाहीत. बहुतेक मुलांचा हिशोब तिथेच चुकतो.

रोज पाच वाक्यं पुरेत, आणि ती आधी सोडवलेल्या उताऱ्यातली घ्या. व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्यं मुद्दाम सोपी केलेली असतात. शब्दकोश दुसऱ्या वाचनानंतर, आणि एका उताऱ्याला जास्तीत जास्त पाच शब्द. अडखळायला होतं ते बरेचदा ओळखीच्या शब्दांवर: 'अ‍ॅड्रेस अ प्रॉब्लेम', 'कव्हर द कॉस्ट', 'कान्ट स्टँड द हीट'. यादीत या प्रत्येकासमोर एकच चिनी अर्थ लिहिलेला असतो आणि मूल तोच सगळीकडे लावतं.

क्लासमधले मंत्र

"तीन लांब एक आखूड, तर आखूड निवडा. तीन आखूड एक लांब, तर लांब निवडा." चीनमध्ये हे मुलांना तोंडपाठ असतं. 'ओन्ली', 'ऑल', 'ऑल्वेज' असलेला पर्याय चुकीचाच, हाही त्याच जातीचा. पेपर काढणाऱ्यांना हे मंत्र ठाऊक नसतील असं ज्यांना वाटतं, त्यांना नमस्कार.

प्रत्येक परिच्छेदाची पहिली आणि शेवटची ओळ वाचायची, हा मंत्र जास्त घातक, कारण तो कधीकधी चालतो. माहितीपर उताऱ्यात चालतोही. पण गाओकाओचे शेवटचे दोन उतारे पुष्कळदा परदेशी वर्तमानपत्रं आणि मासिकांच्या धाटणीचे असतात. सुरुवातीला कोणा बाईंची गोष्ट येते, खरा मुद्दा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात 'बट' किंवा 'येट' नंतर. पहिल्या ओळीवरून शीर्षक निवडणारा मुलगा त्या बाईंचं चरित्र निवडून मोकळा होतो. शीर्षकाचा प्रश्न शेवटी सोडवा आणि आधी प्रत्येक परिच्छेदाशेजारी तीन शब्द लिहून घ्या.

चुकांची वही

चिनी शाळांत चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवायची पद्धत आहे. फार चांगली पद्धत. पण मुलं त्यात प्रश्न कापून चिकटवतात, लाल शाईने बरोबर अक्षर लिहितात आणि वही मिटतात. बरोबर उत्तर उत्तरपत्रिकेत असतंच, ते पुन्हा उतरवून काय मिळणार? वहीत लिहायचं ते हे, की चुकीच्या पर्यायाने मला फसवलं कसं. त्यासाठी नावं त्यांच्याच भाषेत तयार आहेत, चार-चार अक्षरी म्हणी: झांगची टोपी लीच्या डोक्यावर (एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर), शून्यातून निर्माण केलेलं (उताऱ्यात नसलेलं), तुकड्यावरून अख्ख्याचा निवाडा, गुपचूप बदललेली कल्पना. प्रत्येक चुकीसमोर यातलं एक नाव लिहा. महिनाभरात दिसेल की एका मुलाच्या बहुतेक चुका एकाच नावाखाली पडतात. मग सरावही तेवढ्याच गोष्टीचा.

एका रविवारी दहा उतारे सोडवून काहीही साधत नाही. दोन सोडवा, आणि त्यातला एक तीन दिवसांनी पर्याय झाकून पुन्हा.

बारीकसारीक, पण गुण खाणारं

डीएसईत खरं, खोटं आणि उल्लेख नाही असे तीन पर्याय येतात. खोटं म्हणायचं असेल तर विरोध करणाऱ्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. संग्रहालय 1998 मध्ये उघडलं आणि कॅफे नंतर झाला, असं उताऱ्यात असेल, तर "दोन्ही एकदम उघडले" हे खोटं. "कॅफे पर्यटकांना आवडतो" याचा उल्लेखच नाही.

लेखी उत्तरात अख्खं वाक्य उतरवू नका. सर्वनाम तसंच ठेवू नका, 'शी' म्हणजे कोण ते लिहा. 'दिस' कशाला उद्देशून आहे असं विचारलं, तर उत्तर त्या ओळीत 'दिस'च्या जागी घालून वाचा. वाचता आलं नाही तर उत्तर चुकलंय. अमुक अर्थाचा एक शब्द शोधा म्हटलं, तर एकच लिहा आणि नाम की क्रियापद ते जुळवा.

लांबलचक विशेषनामांना घाबरून मुलं ओळच सोडतात. नावाभोवती गोल आणि वर पहिलं अक्षर, बस्स.

सात वाक्यांतून पाच निवडताना पहिल्या जागेपासून क्रमाने भरत जाणं ही घोडचूक. पहिली चुकली की तिथे अडकलेलं वाक्य ज्या जागेचं होतं, तीही चुकते. खात्रीची जागा आधी भरा. विषयाचा शब्द बघून निवडू नका. 'दीज', 'सच', 'हाउएव्हर', 'अनदर' कशाला धरून आहेत ते बघा. जागा उपशीर्षकाची असेल आणि बाकीची उपशीर्षकं आज्ञार्थी असतील, तर हेही आज्ञार्थीच.

डीएसईत दुसऱ्या भागासाठी बी1 किंवा बी2 निवडता येतो. बी1 सोपा, पण तो घेतला की त्या पेपरात लेव्हल 4 च्या वर (सर्वोच्च 5**) जाता येत नाही. काठावरचं मूल असेल तर वर्षभर बी2 चाच सराव घ्या. भीतीपोटी सप्टेंबरात, शाळेचं वर्ष सुरू होतानाच, बी1 वर शिक्का मारणारे पालक आणि शिक्षक दोघेही घाई करतात.

वेळेचं गणित लिहूनच द्या. गाओकाओत श्रवणाची वीस मिनिटं गेली की शंभर उरतात. दोन लेखनांना चाळीस, रिकाम्या जागांच्या दोन प्रश्नांना पंचवीस, म्हणजे वाचनाला पस्तीस: चार उताऱ्यांना प्रत्येकी सात आणि सातातून पाचाला सात. डीएसईत पहिल्या भागाला चाळीस, दुसऱ्याला पंचेचाळीस, पाच तपासायला. गाओकाओत पर्यायांची उत्तरं प्रत्येक उतारा झाला की लगेच उत्तरपत्रिकेवर 2बी पेन्सिलने गडद करा. सगळी शेवटी करू म्हणणाऱ्याची एक ओळ खाली सरकते आणि तिच्याखालची सगळी उत्तरं तिच्यासोबत.