पालीची भीती, सुईची भीती: उपाय करताना या चुका टाळा

ट्यूबलाइटच्या मागे पाल दिसली की काही माणसं त्या रात्री स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत. घरचे समजावतात, "अगं, ती तुलाच घाबरून पळते." हे घाबरणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. घरातली पाल विषारी नसते हेही ठाऊक असतं. तरी छातीत धडधडतं, तळहात घामेजतात. म्हणून समजावत बसणं ही पहिली चूक. थट्टा करणं त्याहून वाईट, कारण मग माणूस भीती लपवायला शिकतो.

भीती पोसली जाते ती मुख्यतः पळ काढण्यातून. खोलीबाहेर पडलं की धडधड थांबते आणि मेंदू नोंद करतो: निघालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी पाय आणखी लवकर उचलतो. काही आधार छुपे असतात. नवऱ्याला आधी खोलीत पाठवणं, हातात झाडू धरूनच आत जाणं, लिफ्टमध्ये सतत मोबाइल घट्ट धरून ठेवणं. माणूस जातो खरा, पण श्रेय झाडूला मिळतं.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे एकदम ढकलणं. गावाकडे विहिरीत ढकलून पोहायला शिकवायचे. काही शिकले, काही जन्मभर पाण्याजवळ फिरकले नाहीत. (दुसऱ्या गटाचे किस्से कोणी सांगत नाही.) मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवल्याची नोंद लिहिली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब, मग थोडा थोडा जवळ आणला. आजच्या उपचाराचा गाभा अजून तोच आहे: पायऱ्या.

पालीसाठी त्या अशा लावता येतील: रेखाचित्र, फोटो, व्हिडिओ, बंद खिडकीच्या काचेबाहेरची पाल, मग त्याच खोलीतली, पण दाराशी उभं राहून. प्रत्येक पायरीला भीतीचे ० ते १०० गुण द्या आणि सोप्या पायरीपासून सुरुवात करा. इथे बहुतेक जण घोळ घालतात. भीती अगदी वर चढलेली असतानाच उठून जातात आणि "करून पाहिलं, उपयोग नाही" म्हणतात. खरं तर त्यांनी पळण्याचाच आणखी एक सराव केलेला असतो. बसण्याआधी कागदावर लिहा, "ती माझ्या अंगावर उडी मारेल." वीस मिनिटांनी पाहा, मारली का? मग हेच वेगवेगळ्या खोल्यांत, मावशीच्या घरीही करा. नाहीतर धीर फक्त आपल्या बेडरूमपुरता येतो.

सुई आणि रक्ताच्या भीतीचं गणित मात्र उलटं. इथे नाडी आणि रक्तदाब आधी चढतात आणि मग अचानक कोसळतात, म्हणून माणसाला चक्कर येते. अशा वेळी "अंग सैल सोड" हा सल्ला घातक. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-यॉरान ऑस्ट यांनी रुळवलेली पद्धत याच्या विरुद्ध आहे: हात, पाय, पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवली की ताण सोडायचा, २०-३० सेकंदांनी पुन्हा, असं पाचेक वेळा. पूर्ण ढिलं पडायचं नाही, फक्त नेहमीच्या स्थितीत यायचं. सुई टोचायची तो हात तेवढा सैल ठेवा, आणि इंजेक्शन आडवं होऊन घ्यायचं आहे असं नर्सला बिनधास्त सांगा. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

कोणाच्या तरी घरातली झोपेची गोळी उसनी घेऊन विमानात बसणं, हेही टाळा. गुंगीत पार पडलेल्या प्रवासातून मेंदू फारसं शिकत नाही, आणि अशा गोळ्यांची सवय लागते.

सहा महिन्यांहून जास्त काळ भीती टिकली असेल आणि तिच्यापायी नोकरी, प्रवास, दवाखाना टाळला जात असेल, तर मानसशास्त्रज्ञाकडे जा. एखाद्याच गोष्टीची भीती असेल तर वर्षानुवर्षं फेऱ्या माराव्या लागतात असं नाही. ऑस्ट यांच्याच एका पद्धतीत जास्तीत जास्त तीन तासांची एकच बैठक असते. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

आणि कुत्र्याच्या भीतीचा सराव गल्लीतल्या अनोळखी कुत्र्यावर करू नका. रेबीजची धास्ती हा फोबिया नव्हे. ओळखीतला, लस टोचलेला, पट्ट्यात बांधलेला एखादा म्हातारा कुत्रा शोधा.